कुलूपबंद डिस्क, फुटकी फाइलसिस्टम आणि अकरा दिवस डीडीरेस्क्यू

मी बेडकांचे आणि पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करते. नऊ वर्षांची रेकॉर्डिंगं २ टीबीच्या एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क लक्स या लिनक्सवरच्या पद्धतीनं कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेली होती. कुलूप हौसेखातर नव्हतं. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी तारीख, वेळ आणि जागा स्वतःच्या आवाजात बोलून ठेवते. घरटी नेमकी कुठं आहेत हे त्यात असतं आणि ते भलत्याच्या कानी पडू नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या वर्षांची एक प्रत दुसरीकडे होती. शेवटची अडीच वर्षं मात्र फक्त या एकाच डिस्कवर होती.

एके दिवशी फाइल उतरवताना कॉपी मध्येच थांबली. डिस्क काढून परत लावली, पासफ्रेज (कुलूप उघडायचं परवलीचं वाक्य) घातला, तो बरोबर स्वीकारला गेला, पण माउंट होताना, म्हणजे फाइली दिसाव्यात म्हणून डिस्क जोडली जाताना, सुपरब्लॉक (फाइलींच्या मांडणीची मूळ माहिती असलेली जागा) खराब असल्याचा संदेश आला. कुलूप उघडत होतं, दार मात्र उघडत नव्हतं. आता या प्रकरणात वापरलेल्या साधनांबद्दल लिहिते. त्यातही मुख्यतः बिघडलेल्या डिस्कवरून मजकूर उतरवून घेणाऱ्या डीडीरेस्क्यूबद्दल, कारण माझा जवळजवळ सगळा माल त्याच्याच जोरावर परत आला.

सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राला फोन केला. मी एफएसचेक चालवायच्या बेतात आहे हे ऐकताच तो म्हणाला, "अगं थांब, त्या डिस्कवर आता काहीही लिहू नकोस. आधी अख्खी उतरवून घे, दुरुस्ती काय ती कॉपीवर कर." एफएसचेक हे फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, दुरुस्त करणारं साधन आहे, डिस्क दुरुस्त करणारं नव्हे. खालचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता येत नसताना ते चालवलं, तर जे वाचता आलं नाही ते नाहीच असं धरून ते पुढं जातं आणि तसं लिहूनही टाकतं. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, जी मला अजिबात माहीत नव्हती. एक्सटी४ ही माझ्या डिस्कवरची फाइलसिस्टम नुसती वाचण्यापुरती माउंट केली, तरी तिचं अर्धवट राहिलेलं जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची नोंदवही, ती आधी डिस्कवर उतरवते. वाचण्यापुरतं म्हणजे लिहिणार नाही, हा माझा समज चुकीचा होता.

त्याच्या सांगण्यावरून स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, पाहिल्या. वाचायचे राहून गेलेले, म्हणजे पेंडिंग सेक्टर शेकड्यांनी होते. टकटक असा आवाज मात्र येत नव्हता, डिस्क नीट फिरत होती. हा फरक महत्त्वाचा आहे. डिस्क आतून टकटकत असेल तर तबकडी वाचणारं हेड गेलेलं असू शकतं, आणि तशी डिस्क घरी चालवत ठेवणं म्हणजे हेड तबकडीवर घासू देणं. त्या अवस्थेतल्या डिस्कला डीडीरेस्क्यूचा काही उपयोग नाही, ती सरळ बंद करून, धूळ नसलेल्या स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या माणसांकडेच न्यायची.

अशा दोन सेवांना मीही विचारलं होतं. एका ठिकाणी डिस्क कुलूपबंद आहे म्हटल्यावर समोरचा म्हणाला, मग यातून काही निघणार नाही, फॉरमॅट करून पाहू. फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पासफ्रेज तुमच्याकडे आहे ना? आम्हाला सांगू नका. आम्ही कुलूपबंद अवस्थेतच अख्खी इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढून देतो, उघडायचं ते तुमचं तुम्ही घरी उघडा." कुणाकडे डिस्क द्यायची वेळ आली तर माणूस ओळखायला हे एक वाक्य पुरेसं आहे. सेक्टर उतरवायला पासफ्रेज लागत नाही. शेवटी डिस्क घरीच वाचता येईल एवढी धड आहे असं त्याच बाईंनी सांगितलं आणि मी डीडीरेस्क्यूकडे वळले.

त्याआधी एक विकतचा, चित्रमय खिडक्यांचा रिकव्हरी प्रोग्रॅमही चालवून पाहिला होता. त्यानं रात्रभर डिस्क चाळली आणि सकाळी हजारो फाइल सापडल्याची यादी दाखवली. मी आनंदानं उठून उभीच राहिले. एकही फाइल उघडली नाही. कारण पुढं कळलं. तो कुलूप न उघडता कच्ची डिस्क चाळत होता. कुलूपबंद मजकूर म्हणजे पाहणाऱ्याला निव्वळ यादृच्छिक बाइट. फाइल ओळखायच्या खुणा दोन-तीन बाइटच्या असल्या, तर एवढ्या मोठ्या डिस्कवर त्या योगायोगानं हजारो वेळा सापडणारच. शिवाय त्या रात्रभरात त्यानं आजारी डिस्कला किती दमवलं असेल, याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

आता डीडीरेस्क्यू. ग्नूचा हा मुक्त प्रोग्रॅम अँटोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिला आहे, २००४ पासून तो आहे आणि अजूनही सुधारत आहे. नावाचा एक गोंधळ आधीच मिटवते. कुर्ट गार्लोफ यांचा डीडी_रेस्क्यू हा, मधे अधोरेखा असलेला, वेगळा प्रोग्रॅम आहे. डेबियनमध्ये तर आपल्याला हव्या असलेल्या प्रोग्रॅमच्या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. मी पहिल्यांदा चुकीचं पॅकेज बसवलं आणि सूचना जुळत नाहीत म्हणून तासभर डोकं धरून बसले होते.

डिस्क जशीच्या तशी उतरवणारा साधा डीडी प्रोग्रॅम आणि हा, यात फरक काय? डीडी पहिल्या खराब सेक्टरवर थांबतो. चूक झाली तरी पुढं जा असं सांगितलं तर जातो, पण एका वेळी वाचायचा ठोकळा मोठा ठेवला असेल तर एका सेक्टरपायी सगळा ठोकळा शून्य करून टाकतो, आणि कुठं काय गेलं याची कामाला येईल अशी नोंद ठेवत नाही. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो. खराब जागा लागली की तिथं हटून बसत नाही, उडी मारून पुढं जातो. मग दुसऱ्या टप्प्यात खराब पट्ट्यांच्या कडा तासतो, तिसऱ्यात आतले सेक्टर एकेक करून खरवडतो, आणि आपण सांगितलं तर शेवटी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मरणाऱ्या डिस्कबाबत हा क्रम फार शहाणपणाचा आहे. डिस्क केव्हा कायमची थांबेल सांगता येत नाही, म्हणून जे आत्ता मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्यायचं.

पण मी ज्याच्या प्रेमात पडले ती त्याची मॅपफाइल. ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत एक जागा, एक लांबी आणि एक खूण. + म्हणजे मिळालं, ? म्हणजे अजून हात लावलेला नाही, * म्हणजे कडा तासायच्या राहिल्यात, / म्हणजे खरवडायचं राहिलंय, आणि - म्हणजे खराब. काम केव्हाही थांबवा, वीज जाऊ द्या, डिस्क मधेच गायब होऊ द्या. तीच मॅपफाइल देऊन पुन्हा सुरू केलं की तो जिथं होता तिथून पुढं चालतो. माझी डिस्क चूक झाली की यूएसबीवरून नाहीशी व्हायची. काढून लावली की तिचं उपकरणाचं नाव बदलायचं, कधी बी तर कधी सी. एकदा मी जुन्याच नावानं आज्ञा द्यायला निघाले होते, आणि त्या क्षणी ते नाव दुसऱ्याच डिस्कला लागलेलं होतं. तेव्हापासून डिस्कच्या अनुक्रमांकावरून बनलेलं कायमचं नाव वापरलं. लिहायची जागा जर अख्खी डिस्क असेल, तर जबरदस्तीचा पर्याय दिल्याशिवाय डीडीरेस्क्यू लिहीत नाही. हा अडथळा मला कटकट वाटला नाही, आधार वाटला.

पहिली फेरी साडेसहा तासांत झाली आणि जवळजवळ सगळी डिस्क उतरली. उरलेल्या चिमूटभरासाठी तीन रात्री लागल्या. उलट्या दिशेनं, शेवटाकडून सुरुवातीकडं वाचायला सांगितल्यावर काही पट्ट्या पलीकडच्या बाजूनं आणखी आक्रसल्या. पडद्यावर ९९.९९% वर आकडा स्थिर झाला तेव्हा ३७ ठिकाणी मिळून १२,१२,४१६ बाइट खराब होते, म्हणजे ४०९६ बाइटचे २९६ ब्लॉक. २ टीबीतले सव्वा एमबीही नाहीत. पण ते कुठले, यावरच सगळं अवलंबून होतं.

इथं कुलुपाची रचना समजून घ्यावी लागते, आणि मला वाटतं कुलूपबंद डिस्क वापरणाऱ्या प्रत्येकानं ती डिस्क धड असतानाच समजून घ्यावी. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत पार्टिशनच्या सुरुवातीचे १६ एमआयबी (एक एमआयबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ बाइट) हेडरसाठी, म्हणजे कुलुपाच्या माहितीसाठी, राखलेले असतात. त्यात वर्णनाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी उपयोगी येते. खरी चावी मात्र त्यानंतरच्या खान्यांत असते. माझ्या डिस्कच्या पहिल्या खान्याची जागा ३२,७६८ व्या बाइटपासून २,५८,०४८ बाइट लांब होती. चावीचे तिथं मुद्दाम हजारो पट्टे केलेले असतात, असे की त्यातला थोडासा भाग गेला तरी चावी परत जुळवता येऊ नये. चावी बदलल्यावर जुनीचा मागमूस राहू नये म्हणून ही योजना आहे, आणि त्या कामासाठी ती उत्तमच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की त्या अडीच लाख बाइटमधला कामाचा एक सेक्टर जरी गेला, तरी त्या खान्याचा पासफ्रेज बरोबर असूनही चालणार नाही. आणि खान्यांची दुसरी प्रत हेडरमध्ये नसते.

म्हणून मॅपफाइल उघडली आणि पहिली - खूण कुठं आहे ते पाहिलं. जागा षोडशमान पद्धतीत लिहिलेल्या असतात. १६ एमआयबी म्हणजे त्या पद्धतीत एकावर सहा शून्यं. पहिल्या खराब ओळीत नेमका तोच आकडा होता, लांबी ४०९६. हेडर जिथं संपतं तिथून पहिलाच ब्लॉक. एक्सटी४चा मुख्य सुपरब्लॉक त्याच ब्लॉकमध्ये असतो. पासफ्रेज का चालतोय आणि माउंट का होत नाही, दोन्हीचं उत्तर त्या एका ओळीत होतं. मी ती ओळ मोठ्यानं वाचली. पाच दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

इमेज ४ टीबीच्या नव्या डिस्कवर होती. तिच्याशेजारी उघडलेल्या डिस्कची दुसरी पूर्ण प्रत ठेवावी असा विचार होता, पण दोन प्रती तिथं थोडक्यात मावत नव्हत्या. मित्रानं स्नॅपशॉटची युक्ती सांगितली. इमेज फक्त वाचण्यापुरती जोडायची, क्रिप्टसेटअप या लक्सचं कुलूप उघडणाऱ्या साधनानं तीही फक्त वाचण्यापुरतीच उघडायची, आणि वर एक पातळ थर पसरायचा. जे काही लिहिलं जाईल ते त्या थरात, वेगळ्या छोट्या फाइलीत जातं; खालच्या इमेजला धक्का लागत नाही. चुकलं तर ती छोटी फाइल पुसायची आणि पुन्हा कोरा थर. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरमध्ये ही सोय आहे. आज्ञा लिहिताना घाम फुटतो, पण या थरानं मला चुका करायची मोकळीक दिली आणि ती मोकळीक मला लागलीच.

फाइलसिस्टमला पर्यायी सुपरब्लॉक असतात. ४०९६ बाइटचे ब्लॉक असतील तर पहिला ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर, पुढचा ९८३०४ वर. ३२७६८ सांगून एफएसचेक चालवला. रिकाम्या ब्लॉकची मोजणी जुळत नाही अशा ओळींचा पाऊस पडला. त्याला घाबरायचं नाही, पर्यायी प्रतीतले आकडे जुनेच असतात. मग एका जागी लागोपाठ सोळा वेळा, या इनोडमध्ये (फाइलीचा मजकूर डिस्कवर कुठं आहे ते सांगणाऱ्या नोंदीत) कचरा दिसतोय, पुसू का, असा प्रश्न आला. मी हो म्हणत गेले. काम संपलं, माउंट केलं आणि फोल्डर दिसले. सगळे. नऊ वर्षं, महिन्यांच्या नावांनिशी.

हेडफोन लावून त्यातलं एक रेकॉर्डिंग ऐकलं. तलावाकाठची रात्र, दूरवर रातवा, जवळ बेडूक. अकराव्या मिनिटाला कानात कुणीतरी पत्रा फाडावा तसा खर्रर्र आवाज आला, पूर्ण ताकदीचा, अडीच सेकंद. हेडफोन ओढूनच काढले. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, पाहिलं तर बेडकांच्या आडव्या पट्ट्यांच्या मधोमध एक उभी पांढरीफटक भिंत, खालपासून वरपर्यंत.

मला अपेक्षा होती शांततेची. डीडीरेस्क्यू जे वाचू शकत नाही त्या जागी नव्या इमेजमध्ये शून्य राहतात, आणि आवाजाच्या फाइलीत शून्य म्हणजे निःशब्द. मग हा गोंगाट कुठून आला? रात्री दोन वाजता उलगडा झाला. शून्यं होती ती कुलूपबंद बाजूला. क्रिप्टसेटअपनं ती शून्यं नेहमीच्या मजकुरासारखीच उलगडली, आणि शून्यं उलगडली की शून्यं मिळत नाहीत, यादृच्छिक बाइट मिळतात. आवाजाच्या फाइलीत यादृच्छिक बाइट म्हणजे पूर्ण आवाजातली खरखर. साध्या डिस्कवरचं भोक रिकामं असतं. कुलूपबंद डिस्कवरचं भोक उघडल्यावर कचऱ्यानं भरलेलं असतं. एफएसचेकला दिसलेला कचराही तोच. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एका सेकंदाला १,९२,००० बाइट लागतात, म्हणजे एका ब्लॉकला २१ मिलिसेकंद. त्या फाइलीत लागोपाठ १२० ब्लॉक गेले होते. अडीच सेकंदांचा हिशोब जुळला.

एक चांगली गोष्टही याच हिशोबातून कळली. लक्स नेहमी वापरतं त्या एक्सटीएस पद्धतीत प्रत्येक सेक्टर स्वतंत्रपणे उलगडतो. एक सेक्टर बिघडला म्हणून पुढचे सगळे बिघडत नाहीत. कुलूपबंद डिस्कवर एक बाइट गेला की सगळं गेलं, असं लोक सर्रास सांगतात. ते चावीच्या खान्याबाबत बऱ्याच अंशी खरं आहे, मजकुराबाबत मुळीच नाही.

आता उपाय, आणि इथं डीडीरेस्क्यूचं खरं कौतुक. त्याच्याकडे भरायची एक वेगळी पद्धत आहे. मॅपफाइलमध्ये ज्या जागांवर - खूण आहे तेवढ्याच जागांवर तो आपण देऊ ते भरतो, बाकीच्याला हात लावत नाही. लोक सहसा इमेजमधल्या खराब जागांवर ओळखू येईल असा मजकूर भरतात आणि मग तो मजकूर कुठल्या फाइलींत आहे ते शोधतात. कुलूपबंद इमेजवर तसं केलं तर फुकट जातं, कारण भरलेला मजकूरही उलगडताना कचराच होतो. भरायचं ते उघडलेल्या बाजूला. पण उघडलेल्या बाजूला सगळ्या जागा १६ एमआयबीनं मागं सरकलेल्या असतात, हेडर तिथं नसतं. सोबत येणाऱ्या डीडीरेस्क्यूलॉग या साधनात अख्खा नकाशा सरकवायची सोय आहे. नकाशा १६ एमआयबी मागं सरकवला, जुना थर फेकून कोरा थर घेतला, सरकवलेल्या नकाशाप्रमाणे २९६ ब्लॉकमध्ये शून्यं भरली आणि मगच एफएसचेक.

हे करताना माझ्याकडून एकदा चूक झाली. इमेज पार्टिशनची होती की अख्ख्या डिस्कची, यात गोंधळ केला. अख्ख्या डिस्कची असती तर पार्टिशनची सुरुवातही वजा करावी लागली असती. सरकवणं चुकलं की धड ब्लॉकवर शून्यं पडतात. थर होता म्हणून निभावलं.

या खेपेला एफएसचेक आधी नुसता बघण्यापुरता चालवला, काहीही न बदलता. बरं झालं. आता कचऱ्याऐवजी सोळा वेळा असा संदेश आला की अमुक फोल्डरमधलं अमुक नाव न वापरलेल्या इनोडकडे बोट दाखवतंय, काढून टाकू का? एका इनोडला २५६ बाइट लागतात, एका ब्लॉकमध्ये सोळा मावतात. इनोडच्या तक्त्यातला एक ब्लॉक गेला होता आणि त्याबरोबर सोळा फाइलींचे पत्ते. नावं मात्र फोल्डरमध्ये शिल्लक होती. ती सोळा नावं मी वहीत उतरवून घेतली आणि मगच हो म्हटलं. पहिल्या खेपेसारखी घाईघाईनं हो-हो करत गेले असते तर नावंही गेली असती.

फाइलींचा मजकूर डिस्कवरच होता, फक्त त्याच्याकडे जायचा रस्ता मोडला होता. त्यासाठी क्रिस्टोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक वापरला. नावात फोटो असला तरी आवाजाच्या डब्ल्यूएव्ही फाइलींसकट शेकडो प्रकार तो ओळखतो. तो नावं आणत नाही, फाइलच्या आरंभाची खूण पाहून मजकूर उचलतो. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. तो उघडलेल्या बाजूवर चालवायचा, कुलूपबंद इमेजवर नाही. नाहीतर त्या विकतच्या प्रोग्रॅमची गत. आणि तो सगळी जागा चाळू की फक्त रिकामी असं विचारतो तेव्हा फक्त रिकामी सांगायचं. एफएसचेकनंतर त्या सोळा फाइलींची जागा रिकामी म्हणून नोंदलेली असते, त्यामुळे धड फाइलींचा ढीग पुन्हा समोर येत नाही.

तरीही जुन्या पुसलेल्या रेकॉर्डिंगांसकट चारशेच्या वर फाइल आल्या, सगळ्या क्रमांकांच्या नावांनी. मग मी एकेक उघडून पहिली दहा सेकंदं ऐकत गेले. प्रत्येकीत मीच बोलत होते. तारीख, वेळ, जागा. कधी धाप लागलेली, कधी सर्दी झालेली, एकदा मागं पाऊस. वहीतल्या नावांत तारीख आणि वेळ होतीच. दोन दिवसांत सोळापैकी चौदा जुळल्या. उरलेल्या दोन तुकड्यातुकड्यांत लिहिल्या गेलेल्या होत्या. फोटोरेकला पहिला तुकडा मिळतो, पुढचा कुठं आहे ते त्याला कळायला मार्ग नसतो. एकीची चार मिनिटं मिळाली, दुसरीची पन्नास सेकंदं.

कुठल्या फाइली जखमी आहेत हे शोधणंही जमलं. डीडीरेस्क्यूलॉग खराब ब्लॉकचे क्रमांक छापतो. प्रत्येकातून ४०९६ वजा करायचे, कारण १६ एमआयबी म्हणजे ४०९६ बाइटचे ४०९६ ब्लॉक. मग फाइलसिस्टम आतून तपासणाऱ्या डीबगएफएसला विचारायचं की हा ब्लॉक कुठल्या इनोडचा, आणि तो इनोड कुठल्या नावाचा. २९६ पैकी १२९ ब्लॉक कुठल्याच फाइलीचे निघाले नाहीत. ते एकतर रिकामे होते किंवा फाइलसिस्टमच्या स्वतःच्या नोंदींचे. १६७ ब्लॉक नऊ फाइलींत होते. त्या नऊ फाइलींना मी वेगळी खूण केली आहे, म्हणजे पुढं कुणी त्यांच्यावरून आवाज मोजायला घेतले तर मधली शांतता बेडकांची नाही हे कळेल. अडीच सेकंदांची ती भिंत आता नाही. तिथं पोकळी आहे, आणि पोकळी खरी आहे.

तक्रारी. डीडीरेस्क्यूची मॅन्युअल काटेकोर आहे, उदाहरणंही चांगली आहेत, पण कुलूपबंद डिस्कचं काय करायचं असा वेगळा धडा मला तरी तिच्यात सापडला नाही. सगळे तुकडे आहेत: भरणं, सरकवणं, यादी. ते कुठल्या क्रमानं जोडायचे ते आपणच शोधायचं. दुसरं, आज्ञा टाइप करायची सवय नसलेल्या माणसाला हे एकट्यानं करायला मी सांगणार नाही. स्रोत आणि लिहायची जागा यांची अदलाबदल झाली तर काही मिनिटांत उरलंसुरलं जातं. शेजारी एक शांत डोक्याचं माणूस बसवा आणि एंटर दाबण्याआधी आज्ञा त्याला वाचून दाखवा. मी प्रत्येक वेळी फोनवर वाचून दाखवली. तिसरं, जागा. इमेजसाठी मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क हाताशी नसेल तर सुरूच करू नका, अर्ध्यावर जागा संपली की मनस्ताप होतो.

क्रिप्टसेटअपबद्दल एकच सांगते. त्यात हेडरची प्रत काढून ठेवायची आज्ञा आहे, तयार होते ती फाइल १६ एमआयबीची. मी नऊ वर्षांत ती काढली नव्हती. माझं हेडर वाचलं ते खराब पट्टे इतरत्र पडले म्हणून. आता प्रत काढली आहे आणि ती डिस्कपासून दूर ठेवली आहे. पासफ्रेज कधी बदलला तर जुनी प्रत जुन्या पासफ्रेजनं उघडतच राहते, म्हणून ती प्रतही चावीइतकीच जपावी लागते. आणि तुमची डिस्क जर अशा डबीत असेल जिच्या सर्किटमध्येच कुलूप बसवलेलं आहे, तर डबी फोडून आतली डिस्क थेट जोडण्याआधी शंभरदा विचार करा. ते सर्किट नसेल तर आतल्या डिस्कवर फक्त कचरा दिसतो.

जुनी डिस्क मी अजून पुसलेली नाही. इनोडच्या तक्त्यातला तो एक ब्लॉक अजून नकाशावर - खुणेनं उभा आहे. डीडीरेस्क्यूला सुरुवातीची जागा आणि लांबी सांगता येते, त्यामुळे २ टीबी पुन्हा फिरवायची गरज नाही, नेमके ते ४०९६ बाइट मागता येतात. दर रविवारी सकाळी डिस्क थंड असताना मी ती जोडते, तेवढाच ब्लॉक तीन वेळा मागते आणि लगेच बंद करून ठेवते. तो एक ब्लॉक वाचला गेला तर त्या दोन्ही फाइलींचे सगळे तुकडे कुठं आहेत ते कळेल. पन्नास सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये माझं बोलणं संपतं आणि पहिला बेडूक ओरडायला लागतो, तिथंच ते तुटतं. आजच्या रविवारीही तो ब्लॉक आला नाही. मॅपफाइल जपून ठेवली आहे.